सातपर्यंत मोजणारी माणसं

इंग्लंडहून परत आल्यापासून ठाण्यात जो भेटतो तो मला बर्फाबद्दल विचारतो. बर्फ मी पाहिला नाही. राणीचा राजवाडा बसच्या वरच्या मजल्यावरून पाहिला, तोही धुक्यात. मी गेले होते थोरल्या बहिणीच्या लग्नाला, आणि तिथले पहिले नऊ दिवस ती माझी बहीण आहे हे कागदावर टिकवण्यात गेले. मी फारशी बोलणारी नाही. कुणी लागेल असं बोललं की घरी येऊन त्याचं उत्तर तयार करते. हे लिखाणही बरंचसं तसलंच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आम्ही बेने इस्राईल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून वर आले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी आमच्यातली गोष्ट आहे. पुस्तकं बुडाली, प्रार्थना विसरल्या, भाषा मराठी झाली. घाण्यावर तेल काढायचं काम पत्करलं, पण शनिवारी घाणा बंद ठेवला. म्हणून गावं त्यांना शनिवारतेली म्हणत. बाबा म्हणतात, जगाच्या उत्पत्तीच्या गोष्टीत देवाने पवित्र म्हटलेली पहिली गोष्ट कुठला डोंगर नाही, माणूस नाही, तो एक दिवस आहे. हिब्रूत वारांना नावंसुद्धा नाहीत. पहिला, दुसरा, तिसरा असं मोजत जायचं आणि सातव्याला थांबायचं. शेजारच्या कुलकर्णीकाकू पंचांगात चांगली वेळ शोधतात. आमच्याकडे चांगली वेळ दर आठवड्याला आपणहून दारात येते. आमच्या माणसांनी सगळं हरवलं, सातपर्यंत मोजणं तेवढं हरवलं नाही.

इल्फर्ड, रविवार

रिव्का इल्फर्डजवळच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. नव्वद-एक्क्याण्णवचा तो हिवाळा. तिथे तिला तिसरं वर्ष चालू होतं. तिचं लग्न ठरलं होतं डॅनियलशी. तो बेसिंगस्टोकला कॉम्प्युटर कंपनीत काम करतो, त्याचे आईवडील इल्फर्डचेच, आजोबा पोलंडहून आलेले. बाबांच्या हृदयाचं दुखणं, आई जाऊन सहा वर्षं झालेली, म्हणून घरातर्फे मी एकटी.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर पहिली पाच मिनिटं परदेशात आल्यासारखं वाटतच नाही. साड्यांची दुकानं, कोथिंबिरीच्या जुड्या, पोह्यांची पाकिटं. मग गल्ली वळते आणि एकाच साच्यातून काढल्यासारखी विटांची घरं सुरू होतात. त्यातल्या काही दारांच्या चौकटींवर मला तिरकी मेझुझा दिसली. आमच्या ठाण्याच्या दारावर आहे तशीच लहानशी डबी, आत प्रार्थनेचा कागद. इतक्या लांब येऊन आपल्याच दारात उभी राहिल्यासारखं वाटलं.

डॅनियलच्या घरात शिरताना मी सवयीने मेझुझाला बोटं लावली आणि ओठांना टेकवली. त्याची आई, हॅरिएट, बघत होती.

"किती गोड!" ती म्हणाली. "हे कुणी शिकवलं तुला, रिव्काने?"

रिव्काला हे माझ्याच आईने शिकवलं, आणि मलाही. पण मी हसले. पहिल्या दिवशी माणूस हसतो.

जेवायला तिने थंडगार माशाचा गोळा वाढला, वर गाजराची चकती. मासा चक्क गोड होता. मी पापलेटाच्या आमटीवर वाढलेली. मी तो गोळा पाण्याच्या घोटांबरोबर संपवला, तर तिने कौतुकाने दुसरा वाढला. मग विचारलं, "तुम्ही तिकडे देवाला काय खायला घालता? रिव्का काहीतरी पोह्यांचं सांगत होती."

"देवाला नाही, आपणच खातो," एवढंच मी म्हणाले. त्या संध्याकाळचं माझं सर्वांत मोठं वाक्य ते.

इल्फर्ड, मंगळवार

मंगळवारी कचेरीचं पत्र आलं. तिथे सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, लग्न लावायचं तर आधी मध्य लंडनमधल्या एका कचेरीतल्या रब्बींकडून, म्हणजे धर्मगुरूंकडून, वधू ज्यू असल्याचा दाखला लागतो. ज्यूपण आईकडून येतं, तेव्हा आईच्या आईवडिलांचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, हजर करावा. तो नसेल तर वधूने विधिपूर्वक पाण्यात बुडी घेऊन धर्मात प्रवेश करावा, "सर्व शंका मिटवण्यासाठी".

आजीचा केतुबा रेवदंड्याच्या घरात पेटीत होता. पेटीसकट त्याला वाळवी लागली. हे पत्रातून कुणाला पटवणार?

"शुली, इट्स ओन्ली अ फॉर्मॅलिटी," रिव्का स्वयंपाकघरात उभ्यानेच टोस्ट खात म्हणाली. तिची ड्यूटी होती. "एक डिप. टेन मिनिट्स. डॅनियलची आई म्हणते, स्विमिंग पूलसारखंच असतं, फक्त कोमट."

"आणि मग?"

"मग सर्टिफिकेट. मग लग्न. तू असं तोंड करू नकोस हं, प्लीज."

ती गेल्यावर मी पत्राबरोबरचं माहितीपत्रक वाचलं. धर्मात आलेला माणूस नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा, असं त्यात होतं. त्याला आधीचे नातेवाईक नाहीत. नाव लिहिताना बापाच्या जागी खऱ्या बापाचं नाव लिहायचं नाही. अब्राहामाची मुलगी असं लिहायचं.

हे मी तीनदा वाचलं. बाहेरून येणाऱ्यासाठी ही कल्पना सुंदर आहे, हे मी मान्य करते. ज्याला आपलं मागचं सगळं सोडून यायचं आहे त्याच्यासाठी जग पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतं. पण आम्हाला काय सोडून यायचं होतं? आई? त्या बुडीनंतर रिव्का नव्याने जन्मणार होती, अठ्ठावीस वर्षांची, पोरकी. तिच्या लग्नाच्या करारात बाबांचं नाव नसणार होतं. आणि त्यांच्या हिशेबाने मी तिची कोणीही नसणार होते. लग्नाला आलेली एक पाहुणी.

मला भयंकर राग आला. मी सिंकमधली सगळी भांडी घासली. त्यांच्याकडे मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी असतात तशी रिव्काकडेही होती, निळ्या आणि लाल दांड्यांची. ती मी बरोबर आपापल्या जागी लावली. मग बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "साउथहॅम्प्टनला फ्लोरा आहे. तिचा बाप रेवदंड्याचा मुकादम होता, लग्नांच्या नोंदी ठेवायचा. विचारून बघ."

साउथहॅम्प्टन, गुरुवार

मुकादम म्हणजे आमच्या कोकणातल्या पंचांचा पुढारी. फ्लोरामावशी आईची मैत्रीण. नवरा डॉक्टर म्हणून इकडे आला, तीही इथल्या हॉस्पिटलात नर्स होती. आता सत्तरीची, एकटी. तिच्या खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसतात आणि खाली ठोकळ्यांसारखे कंटेनर रचलेले. समुद्र आहे हे वासावरून कळतं, दिसत नाही.

"ये गं, ये. सकूची नात ना तू? नाक तिचंच आहे," दारातच ती म्हणाली. सकू म्हणजे माझ्या आईची आई. चार दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मला न विचारता ओळखलं. मला रडू यायला लागलं, ते मी जिन्यातल्या थंडीवर ढकललं.

तिने मलिदा केला होता. भिजवलेले पोहे, गूळ, नारळ, वेलची, वरून खजूर आणि फळांचे काप. आम्ही तो एलियाहू पैगंबराच्या नावाने करतो, काही मागायचं असलं किंवा मिळालं असलं की. मधोमध तिने नियमाप्रमाणे गुलाबाचं फूल ठेवलं होतं, सुपरमार्केटचं, देठाला अजून रबरबँड. नारळाच्या दुधातली कोंबडी होती. आम्ही मांसात गाईचं दूध घालत नाही, म्हणून नारळाचं. हे आमच्या आज्यांना कुणी रब्बीने येऊन सांगितलेलं नव्हतं.

"चाळीस वर्षं हेच ऐकतेय मी," सगळं ऐकून घेतल्यावर मावशी म्हणाली. "कन्व्हर्ट कधी झालात? मी सांगते, तुमची माणसं अंगाला निळा रंग फासून रानात हिंडत होती ना, त्याच्याही आधी."

"असं तोंडावर म्हणता तुम्ही?"

"हसून म्हणते. हसून म्हटलं की इंग्लिश माणूस आणखी चहा ओततो. तू खा." मग थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्या आजीचा घाणा होता. शनिवारी बैलसुद्धा सोडून ठेवायची. वाणी दारात येऊन ओरडायचा, डबल भाव देतो, काढ तेल. ती म्हणायची, मी काढीन रे, बैल ऐकणार नाही. आता मला सांग, बैलालाही विश्रांती द्यावी हे तोरा ग्रंथातलं कलम. आमच्याकडे तोरा नव्हती. बैल कुणी लक्षात ठेवला?"

कपाटाच्या वरच्या फळीवरून तिने एक वही काढली. कापडी बांधणीची, कडा झिजलेली. तिच्या वडिलांच्या हातची: गावातली लग्नं, जन्म, सुंता, मृत्यू, ओळीने, मराठीत. आम्ही दोघींनी टेबलावर वाकून शोधलं. इंग्रजी शाळेमुळे मला मराठी हस्ताक्षर अजून अडखळत वाचावं लागतं. मावशीच्या चष्म्याचा नंबर बदललेला. अर्ध्या तासाने सापडलं. सकूबाईचं लग्न, तिच्या आईचं नाव, आणि चार पानं मागे तिच्याही आईचं. तीन पिढ्या, एकाच शाईत.

"घेऊन जा. परत आणून दे," ती म्हणाली. "आणि तिथे बाई, गप्प बसू नकोस. तू गप्प बसणारी दिसतेस."

इल्फर्ड, शुक्रवार

शुक्रवारी रात्रीचं जेवण हॅरिएटकडे होतं. त्यांच्या सिनेगॉगचे तरुण रब्बी येणार होते. रिव्काचं प्रकरण कचेरीत तेच मांडणार होते. मी मावशीकडून निवांत निघाले. शब्बाथ, म्हणजे तो सातवा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्ताला लागतो, आणि माझ्या डोक्यात सूर्यास्त म्हणजे ठाण्याचा, सहा वाजताचा. बाबा ऑफिसातून येतात, अंघोळ करतात, मनुका भिजवून केलेलं शरबत तयार असतं, आई होती तेव्हा ती दिवे लावायची. डिसेंबरात त्या देशात सूर्य चारच्या आधी मावळतो, हे मला भूगोलात येत होतं. अंगात मुरलेलं नव्हतं. रिव्का ड्यूटीवर, मला बजावायचं तिला सुचलं नाही.

साडेचारला मी बसमधून उतरले, खांद्याला बॅग, हातात कापडात गुंडाळलेली वही. पूर्ण अंधार झालेला. फुटपाथवरून काळ्या कोटांतली माणसं प्रार्थना आटोपून घरी चालत येत होती. अगदी समोर डॅनियलचे वडील आणि तरुण रब्बी. त्यांनी बसकडे पाहिलं, बॅगकडे पाहिलं, आणि तेव्हा मला कळलं: शब्बाथ लागला होता, आणि शब्बाथला वाहनात बसायचं नाही, सामान न्यायचं नाही.

"गुड शब्बोस," रब्बी म्हणाले. आवाज मऊ होता. "काळजी करू नका. शिकण्यासारखं खूप असतं. हळूहळू येईल."

मला जमिनीत जावंसं वाटलं. चूक माझी होती, आणि ती मी अशी केली होती की त्यांना हवा होता तो पुरावा मीच बसमधून उतरवून दिला.

घरात मेणबत्त्या जळत होत्या. जिन्याखालचा दिवा लावायचा राहून गेला होता; शब्बाथला विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, म्हणून आता तो तसाच राहणार. मी कोट काढत होते, शेजारी डॅनियलचे वडील आणि तरुण रब्बीही. हॅरिएट माझ्याजवळ आली आणि हवेतच म्हणाली, "अगंबाई, इथे किती काळोख आहे नाही? कुणीतरी पडेल."

मला वाटलं, तिचे हात गुंतलेले असतील. बसच्या त्या गोंधळातून मी अजून सावरले नव्हते, सवयीने बटण दाबलं. दिवा लागला. हॅरिएट म्हणाली, "यू आर अ डार्लिंग," आणि सूप आणायला गेली.

मागे रिव्का उभी होती. ती हॉस्पिटलातून चालत आली होती. तिचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"काही नाही. जेवायला चल."

"रिव्का."

"शब्बाथला असं ज्यू नसलेल्या माणसालाच सुचवतात," ती पुटपुटली. "डायरेक्ट सांगायचं नसतं. फक्त म्हणायचं, किती काळोख आहे."

मी त्या दिव्याकडे बघत राहिले. माझ्याच हाताने, माझ्याच शब्बाथला. टेबलावर सगळे गाणी म्हणत होते, आणि त्यातली एक प्रार्थना आमचीच होती, फक्त चाल वेगळी. ती मला तोंडपाठ होती. मी म्हटली नाही. डॅनियल मला कोंबडी वाढत राहिला. तो भला मुलगा आहे, आणि त्या रात्री मला तोही सहन होत नव्हता.

लंडन, सोमवार

कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. टेबलामागे एक म्हातारे रब्बी, पांढरी दाढी, बाही कोपरावर रफू केलेली. शेजारी आमचे तरुण रब्बी. समोर रिव्का आणि मी. म्हाताऱ्यांनी वही दोन्ही हातांनी घेतली, हे मी पाहिलं. मग मला वाचून अर्थ सांगायला लावलं. मी अडखळत वाचलं.

"सकूबाई," ते म्हणाले. "हे नाव हिंदू नाही का?"

"कोकणातलं आहे," मी म्हणाले.

"ज्यू नाव नव्हे."

"हॅरिएट हे ज्यू नाव आहे का?"

रिव्काने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. म्हाताऱ्यांच्या दाढीत काहीतरी हललं. तरुण रब्बी मात्र पुढे झुकले.

"वही आहे, ठीक आहे. पण ती कुणी लिहिली, कुणाच्या देखरेखीखाली, आपल्याला माहीत नाही. हा समाज शेकडो वर्षं एकटा होता. मुलींना दोष नाही. पण आचरणात फरक पडतो. शुक्रवारी यांच्या बहीणबाई शब्बाथ लागल्यावर बसने आल्या, हातात सामान घेऊन. मी स्वतः पाहिलं. म्हणून मला वाटतं बुडी घेतलेली बरी. दहा मिनिटांचं काम."

मी उत्तरं घरी तयार करते, आणि हे उत्तर मी शुक्रवारपासून तयार करत होते.

"ते खरं आहे," मी म्हणाले. "माझं चुकलं. माझ्या गावात सूर्य सहाला मावळतो, म्हणून मी चुकीचं मोजलं. मला एवढंच सांगा, ज्यू नसलेल्या बाईने शनिवारी बसने जाणं पाप आहे का?"

"नाही," म्हातारे म्हणाले.

"मग ते माझ्या विरुद्ध इथे का मांडलं?"

तरुण रब्बींनी समोरचे कागद सरळ केले. मी पुढे बोलत राहिले.

"त्याच संध्याकाळी तुमच्याच माणसांच्या घरी मला दिवा लावू दिला. कारण मी तुमच्यातली नाही. दाराबाहेर माझी चूक मोजली, कारण मी तुमच्यातली आहे. हे रब्बी दोन्हीकडे हजर होते. दोन्हीतलं काय ते ठरवा. शब्बाथ मोडायला तो आधी आपला असावा लागतो." मला थांबता येईना. "आमच्याकडे तुमच्यासारखी कचेरी नव्हती. सातपर्यंत मोजता येत होतं. तेवढ्यावर आम्ही राहिलो. आणि पाण्यातून आम्ही एकदा वर आलेलो आहोत. माझी बहीण परत जाणार नाही."

म्हाताऱ्यांनी तरुण रब्बींकडे वळून हळूच विचारलं, "कुठला दिवा?" मग आम्हाला म्हणाले, बाहेर थांबा.

बाहेरच्या बाकावर रिव्काने माझ्याकडे पाठ केली. ती आपली पिशवी गच्च धरून बसली होती. पिशवीचं तोंड उघडं होतं. आत टॉवेल दिसला, शांपूची बाटली आणि बदलायचे कपडे.

"तू आजच जाणार होतीस?"

"मी शनिवारी रात्री रब्बींना फोन करून बुडीला हो म्हणाले होते." ती भिंतीकडे बघत होती. "तुला काय, शुली. तू जाशील परत. मला इथे राहायचंय. पोरांना शाळेत घालायचंय, दर शुक्रवारी त्या टेबलावर बसायचंय. आय वॉज टायर्ड. मला वाटलं, दहा मिनिटं डोळे मिटून घ्यावेत."

"आणि बाबांचं नाव?"

"ते मी रोज रात्री विचार करत होतेच की. तुला एकटीलाच वाटतं का?"

मला तिचाही राग आला, आणि स्वतःचा जास्त; नऊ दिवस मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. भांडी घासली होती फक्त.

पाऊण तासाने बोलावलं. तरुण रब्बी खाली बघत होते, त्यांचे कान लाल. म्हाताऱ्यांनी वही पुन्हा कापडात नीट गुंडाळून ठेवली होती. समोर एक फॉर्म आणि हातात पेन.

"वधूचं नाव?" त्यांनी रिव्काला विचारलं.

"रिव्का."

"कोणाची मुलगी?"

रिव्काने पिशवी पायाशी ठेवली.

"शालोमची," ती म्हणाली. "शालोम आणि एलिशेबा."

त्यांनी आमच्या आईबाबांची नावं हिब्रूत लिहिली, उजवीकडून डावीकडे, सावकाश. शिक्का मारला. तेवढंच.

जिना उतरताना रिव्का डोळे पुसत होती. रस्त्यावर आल्यावर मला म्हणाली, "तू त्यांना थँक यू तरी म्हणायचंस. मी म्हटलं."

"कशाबद्दल?" मी म्हणाले. "आई आपलीच होती."